शिक्षा (अनिवार्य): सरकारी मराठी लिहिणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
सरकारी फॉर्म, पोर्टल, ॲप, पाट्या आणि भिंतीवरच्या जाहिराती यांचं 'मराठी' जे कुणी करतात ते सर्व साहेब आणि मॅडम, मग ते मुंबईत बसत असोत, दिल्लीत असोत नाहीतर एखाद्या कंत्राटदाराच्या ऑफिसात.

विषय : एक शब्द बदलणेबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात, जत तालुक्याच्या पूर्व भागात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला, स्कॉलरशिप, पेन्शन, जे म्हणाल ते. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, थंबचं मशीन आणि बाहेर बाकडं. सर्व्हर चालू असेल तर बाकड्यावर जागा नसते, सर्व्हर डाऊन असेल तर अजिबातच नसते. शिक्षण म्हणाल तर संस्कृत घेऊन एमए केलंय, त्यावर गावात बरेच विनोद झालेत की कालिदास वाचून शेवटी झेरॉक्सच काढायची होती तर मधले पैसे का घालवले. असो. पण हे पत्र लिहायला तेच एमए आज उपयोगी पडतंय म्हणून सांगितलं.

झालं असं की गेल्या महिन्यात एका योजनेचा फॉर्म आला. योजनेचं आणि खात्याचं नाव मी लिहीत नाही, कारण हा रोग एका खात्याचा नाही. फॉर्म वर इंग्रजी, 'भाषा निवडा' मध्ये मराठी, मी मराठी निवडलं कारण समोर बसलेल्या माणसाला स्क्रीन दिसते आणि आपण काय भरतोय ते त्याला वाचता यावं अशी माझी पद्धत आहे. नाव, आधार, मोबाइल, पत्ता, आणि मग पुढचा रकाना, लाल चांदणीसकट:

शिक्षा (अनिवार्य)

समोर एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या, कन्नड घरातल्या पण मराठी अक्षरं लावून लावून वाचणाऱ्या. नाव, गाव सांगणार नाही. त्यांनी तो शब्द वाचला आणि गप्पच झाल्या. मागे दोघं-तिघं उभे होते त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अक्का, पोराचं पण लिहायला लागतंय का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांचा मुलगा बांधाच्या भांडणात काही महिने आत होता, नंतर सुटला, आता नीट कामाला जातो. इतकी वर्षं त्या बाईंनी ही गोष्ट गावात चार लोकांच्या तोंडी येऊ दिली नव्हती आणि आता सरकारचा कॉम्प्युटर भर दुकानात विचारत होता की तुमच्या घरात शिक्षा काय झाली, आणि सांगणं अनिवार्य आहे. मी घाईघाईने म्हटलं, आज्जी तसं नाही, शाळा कितवीपर्यंत ते विचारतायत. पण तोवर रकान्याच्या बाणावर क्लिक झालं होतं आणि यादी उघडली होती: प्राथमिक शिक्षा, माध्यमिक शिक्षा, उच्च शिक्षा. मागचा एक पोरगा मोठ्याने हसला. बाईंनी कागद पिशवीत घातले आणि "नंतर येतो" म्हणून उठल्या. आल्या नाहीत. मी दोनदा निरोप धाडला. मुदत संपली.

आता त्याच फॉर्मच्या शेवटी काय होतं ते पण बघा. "वरील माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन." इथे शिक्षा म्हणजे खरीच शिक्षा, मराठीतली. म्हणजे एकाच फॉर्ममध्ये वर शिक्षा म्हणजे शाळा आणि खाली शिक्षा म्हणजे जेल, आणि वाचणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यायचं की साहेब कुठल्या ओळीत कुठल्या भाषेत बोलतायत. मी एमए, मला जमतं. त्या बाईंना का जमावं?

'सर्व शिक्षा अभियान'वरचा विनोद जुना आहे हे मला माहीत आहे. वाजपेयींच्या काळात ते अभियान आलं, झेडपीच्या शाळांच्या भिंतींवर हेच नाव रंगवलं गेलं आणि तेव्हापासून महाराष्ट्रातला प्रत्येक मास्तर एकदा तरी म्हणाला असेल की बघा, सगळ्यांना शिक्षा. २०१८ साली ते आणखी दोन योजनांबरोबर एकत्र करून 'समग्र शिक्षा' झालं, म्हणजे आता नुसती सगळ्यांना नाही तर पूर्णच्या पूर्ण. आम्ही हसलो आणि सोडून दिलं. भिंतीवरची पाटी कुणाला काही विचारत नाही, त्यामुळे चालून गेलं. फॉर्म विचारतो. आणि उत्तर दिल्याशिवाय पुढच्या पानावर जाऊ देत नाही.

तुम्ही म्हणाल संस्कृत शब्द आहे, सगळ्या देशाला कळतो. इथेच माझं घोडं अडतं, कारण संस्कृतात हा शब्द इतका सुंदर आहे की त्याचं हे झालेलं बघवत नाही.

पाणिनीय धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, शिक्ष् हा धातू वेगळा दिलाय, अर्थ 'विद्योपादाने', विद्या घेणं. पण त्याच्या आतला गाभा निराळा आहे. शक् म्हणजे जमणं, करता येणं, ज्याच्यापासून आपलं शक्य, शक्ती, शकणे. या शक्‌ला इच्छा दाखवणारा सन् प्रत्यय लावला की पाणिनीच्याच नियमाने रूप होतं शिक्ष्. पिपासा म्हणजे प्यायची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणायची इच्छा, शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकायची इच्छा (दवाखान्यातली शुश्रूषा नंतरची), त्याच घराण्यातली ही शिक्षा. म्हणजे काय, तर 'मला हे जमावं असं वाटणं'. बघा की, यात मास्तर नाही, छडी नाही, सरकार नाही, आहे ते फक्त शिकणाऱ्याच्या पोटातलं वाटणं. त्या शब्दापुढे तुम्ही 'अनिवार्य' लिहिलंत!

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात इंद्राला एक मागणं आहे, 'इन्द्र क्रतुं न आ भर पिता पुत्रेभ्यो यथा', बाप जसा पोरांना देतो तशी आम्हाला बुद्धी दे, आणि लगेच पुढे 'शिक्षा णो अस्मिन् पुरुहूत यामनि', या वाटेवर आम्हाला शिकव, बळ दे, जिवंतपणी आम्हाला उजेड मिळू दे. इथे शिक्षा हे क्रियापद आहे, आज्ञार्थी. आजच्या मराठी कानाने ऐकलं तर वाटेल हे लोक देवाकडे शिक्षा मागतायत. दोन अक्षरं सारखी असली म्हणून अर्थ सारखा राहत नाही, इतकंच मला म्हणायचंय.

पुढे शिक्षा हे एका शास्त्राचंच नाव झालं. वेद नीट म्हणायला-समजायला लागणारी जी सहा शास्त्रं, वेदांगं, त्यातलं एक. तैत्तिरीय उपनिषदात शीक्षावल्ली आहे, तिथे शी दीर्घ, आणि विषयांची यादी सरळ दिलीय: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम, संतान. थोडक्यात उच्चार कसा करायचा त्याचं शास्त्र. पाणिनीय शिक्षेत एक उपमा आहे जी मला कॉलेजात वाचली तेव्हापासून सुटत नाही. वाघीण आपली पिल्लं दातात धरून नेते, पिल्लू पडू नये इतकं घट्ट, पण दात रुतू नये इतकं हलकं, तशी अक्षरं तोंडात धरावीत. आणि त्याच ग्रंथात इशारा पण आहे, स्वर चुकलेला मंत्र वज्र होऊन यजमानालाच मारतो. उदाहरण वृत्र या असुराचं: त्याचा बाप त्वष्टा, त्याला हवा होता इंद्राला मारणारा मुलगा, पण 'इन्द्रशत्रु' म्हणताना स्वराचा जोर भलत्या अक्षरावर पडला, समास बदलला, अर्थ झाला 'इंद्र ज्याचा मारणारा', आणि तसंच झालं. ज्या शास्त्राचं नाव शिक्षा त्याचं म्हणणं असं की एका स्वराची चूक सुद्धा माणसावर उलटते. तुमचा तर अख्खा शब्दच चुकलाय. आणि उलटला पण, माझ्या दुकानात, बाकड्यावर.

संस्कृतातून हा शब्द दोन वाटांनी आपल्याकडे आलाय. एक वाट प्राकृताची, लोकांच्या तोंडची. शिक्षाचं सिक्खा झालं, त्याचं हिंदीत सीख आणि सीखना, आपल्याकडे शिकणं, शिकवणं, शिकवण. आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे, तिथे पंचशील म्हणतात ते पालीत, 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि', जिवाची हिंसा न करण्याचा शिकवणीचा नियम मी स्वतःवर घेते. स्वतःवर घेते, कुणी लादत नाही. १९५६ पासून महाराष्ट्रातल्या लाखो घरांत हा शब्द रोज म्हटला जातो आणि तिथे तो अजून त्याच्या मूळ घरात राहतोय. बाबासाहेबांचं म्हणून आपण सांगतो ते पण 'शिका' आहे, म्हणजे तीच प्राकृत वाट.

दुसरी वाट पुस्तकाची. तिथून शिक्षण, शिक्षक, शिक्षा हे शब्द जसेच्या तसे आले, आणि मराठीने त्यांची वाटणी करून टाकली: शिकायचं ते शिक्षण, भोगायची ती शिक्षा. का झालं हे फार अवघड नाही, शिकवणं आणि वठणीवर आणणं यात आपल्याकडे अंतर कधी फारसं नव्हतंच, अजून आपण 'धडा शिकवीन' म्हणतो तेव्हा पुस्तकातला धडा थोडाच डोक्यात असतो. शास् धातूचं पण तेच झालंय. शास्त्र, शिष्य, शासन सगळी एकाच धातूची पोरं, आणि त्यातच 'कडक शासन करा' आणि शहरातला शास्तीकर, दंडाचा कर, पण. म्हणजे मराठी चुकली असं नाही. तिने एक जुना शब्द आपल्या पद्धतीने लावला, सगळ्याच भाषा लावतात.

आणि एकटी मराठी नाही हो. गुजरातीत शिक्षा म्हणजे शिक्षाच. कन्नडमध्ये शिक्षे म्हणजे शिक्षा आणि शाळेचं ते शिक्षण, म्हणून तर त्या बाईंना दोन्ही भाषांतून एकच अर्थ लागला, सुटायला फट कुठे होती. तेलुगूत शिक्ष म्हणजे शिक्षा, मल्याळममध्ये तसंच. हिंदी, बंगाली, ओडिया, आसामी, नेपाळी, इकडे ती अजून विद्या आहे. म्हणजे देशाच्या निम्म्या नकाशावर हा शब्द शाळेत जातो आणि उरलेल्या निम्म्यावर तुरुंगात. 'सगळ्यांना कळतो' म्हणणाऱ्याने हा नकाशा एकदा बघावा. हिंदीवाल्यांचं यात काही चुकत नाही, त्यांच्याकडे सज़ा आहे, दंड आहे, त्यांनी शिक्षा शाळेसाठी ठेवली, छान केलं. २०२० साली दिल्लीतल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं नाव बदललं तेव्हा हिंदीत ते शिक्षा मंत्रालय झालं, मराठी पेपरांनी शिक्षण मंत्रालय लिहिलं, एकाही वाचकाला अडलं नाही. इतकं सोपं आहे ते.

आता तक्रारी मुद्द्याने मांडते, म्हणजे फाइलला लावायला बरं.

एक. तुम्ही भाषांतर करत नाही, लिपी सारखी आहे म्हणून हिंदीचा शब्द उचलून तसाच ठेवता. देवनागरी दिसली की मराठी झाली असं नसतं. बंगालीत किंवा कन्नडमध्ये हे करताना निदान अक्षरं तरी बदलावी लागतात, मराठीत तेवढे पण कष्ट नाहीत, म्हणून आमच्या वाट्याला जास्त येतं.

दोन, हे फक्त शिक्षेचं नाही. एका फॉर्मवर 'दंड' असा रकाना होता, हिंदीत दंड म्हणजे शिक्षा, आमच्याकडे दंड म्हणजे पैसे भरायचे (किंवा इंजेक्शन घ्यायची जागा), एक जण खिशातून पाकीट काढून विचारत होता किती. 'कोणतीही आपत्ती असल्यास नोंदवा' असं एकदा होतं, विचारायचं होतं हरकत आहे का, लोकांनी गारपीट आणि पडलेली भिंत लिहिली. 'नीती' लिहिलेलं असतं तिथे धोरण हवं असतं. पण यातलं सगळ्यात लागणारं शिक्षाच, कारण बाकीच्यांवर माणूस हसतो किंवा चिडतो, यावर घाबरतो.

तीन. तुम्हाला जमत नाही असं नाही. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा घ्या, मराठीत त्याचं नाव 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम', स्वच्छ, दुसरी-तिसरीतल्या पोराच्या आजीला पण कळेल असं. त्याच कायद्याचं कलम १७ म्हणतं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायचा नाही. म्हणजे शाळेच्या आत कायद्याने शिक्षा बंद आणि शाळेच्या भिंतीवर रंगाने शिक्षा चालू. धोरणाचं नाव पण तुम्ही 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण' असं नीट केलंत. जिथे माणूस बसून करतो तिथे बरोबर होतं, जिथे मशीनवर सोडून देतात तिथे हे असं.

चार, आणि हे मला जास्त टोचतं: तक्रार करायला जागा नाही. मी हेल्पलाइनला फोन केला, तिकडच्या मुलाने विचारलं तांत्रिक अडचण आहे का, मी म्हटलं शब्द चुकलाय, तो म्हणाला मॅडम फॉर्म सबमिट होतोय ना? होतोय. मग तिकीट बंद. ईमेल केला, त्याला आपोआप आलेलं उत्तर इंग्रजीत होतं.

कुणी म्हणेल योजनेचं नाव हे विशेषनाम आहे, त्याचं भाषांतर करत नाहीत. ठीक आहे, मान्य. पण फॉर्ममधला रकाना विशेषनाम नाही. आणि नाव तसंच ठेवायचं तर ठेवा, खाली मराठीत एक ओळ लिहा, रंगाचा एक डबा जास्त जाईल. कुणी म्हणेल संदर्भाने कळतं. ज्याला कधी शिक्षेची भीती वाटायचं कारण नव्हतं त्याला संदर्भाने कळतं, हे मी त्या दिवशी शिकले. हिंदी हवी की नको हा जो वाद २०२५ साली पेटला होता त्यात मला हे पत्र ओढायचं नाही, कृपा करून खाली कॉमेंटमध्ये कुणी ओढू पण नका. हिंदीत हिंदी असू दे. मराठी निवडल्यावर मराठी यावी.

मागण्या:

१. मराठी मजकुरात शाळा-कॉलेजसाठी शिक्षण हाच शब्द वापरा, रकान्यात तर 'किती शिकलात?' असं विचारलं तरी चालेल. शिक्षा हा शब्द फक्त शेवटच्या त्या ओळीसाठी राखून ठेवा, तिथे तो बरोबर बसलाय.

२. आत्ता चालू असलेल्या सगळ्या फॉर्ममधून हा रकाना शोधून बदला. कॉम्प्युटरवर शब्द शोधायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, तुम्हाला पण.

३. मराठी फॉर्म सुरू करण्याआधी कुठल्याही एका गावात पाच जणांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यातले दोन साठीच्या पुढचे घ्या. आमच्याकडे आलात तर बाकडं आहे, चहा मी देते.

४. भाषेची चूक कळवायला एक पत्ता द्या ज्याच्या पलीकडे मराठी वाचणारा माणूस असेल. राज्याकडे १९६० पासून भाषा संचालनालय आहे, शासनव्यवहाराचे कोश आहेत, हे सगळं घरात असताना मजकूर त्यांच्या नजरेखालून का जात नाही?

५. ज्यांनी फॉर्म अर्धवट सोडला त्यांच्यासाठी त्या योजनेची मुदत पंधरा दिवस वाढवा. तुमच्याकडे नोंद असणार कोण कुठल्या रकान्यावर थांबलं. त्यात एक तरी नोंद माझ्या केंद्राच्या लॉगिनवरची सापडेल.

स्क्रीनशॉट माझ्याकडे तारखेसकट आहेत, मागाल तेव्हा प्रिंट काढून देते, त्याचे पैसे घेणार नाही.

कळावे,
एक केंद्रचालक,
जत तालुका, जि. सांगली

ता. क. : तुमचं होईपर्यंत मी मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलीय, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये, 'इथे शिक्षा म्हणजे शाळा'. काल एका चौथीतल्या पोरीने ती वाचली आणि आईला म्हणाली, बघ मी म्हणत होते ना.